रात्री विनाकारण वाजणारा सायरन: पॅनल बदलण्याआधी काय तपासावं

जुळे सोलापुरातल्या एका रो-हाऊसचा हा प्रश्न आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि आईंची खोली; वर दोन बेडरूम. दिवाळीत चोरी टाळण्यासाठी आठ झोनचा, म्हणजे आठ वेगळ्या जागा ओळखणारा, वायरिंगवाला अलार्म बसवला. थंडीभर एकही तक्रार नव्हती. होळीनंतर मात्र आठवड्यातून दोन-तीनदा मध्यरात्री आणि कधीकधी घराला कुलूप असताना भर दुपारी सायरन वाजायला लागला. बसवणारा दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा त्याने एक सेन्सर बदलला, दुसऱ्यांदा सगळ्या सेन्सरची सेन्सिटिव्हिटी कमी केली. तरीही वाजतोच. शेजारी वैतागले आहेत. आई तर रात्री बाथरूमला जायचं म्हटलं तरी आधी वर हाक मारतात. आता हा पॅनल, म्हणजे अलार्मची मुख्य पेटी, काढून वायरलेस घ्यावा का आणि घ्यायचा तर कोणता, असं तुम्ही विचारलं आहे.

आत्ता काहीही विकत घेऊ नका. तोच पॅनल, तेच सेन्सर आणि त्याच वायरी चार महिने शांत राहिल्या आणि उन्हाळा सुरू होताच वाजायला लागल्या. म्हणजे मधल्या काळात घरात काहीतरी बदललं आहे, ते आधी शोधायला हवं. ते तसंच ठेवून महागातला पॅनल लावलात तर तोही वाजेल. मी तुमचं घर पाहिलेलं नाही. सेन्सर कोणत्या भिंतीवर आहेत, खिडक्यांची तोंडं कुठे आहेत, वायरी कशा फिरवल्या आहेत, यावर बरंच अवलंबून आहे. पण होळीनंतर सुरू झालं, ही तुम्ही दिलेली माहिती फार मोलाची आहे. माझं पुढचं सगळं बोलणं तिच्याभोवतीच फिरणार आहे.

पहिलं काम वही-पेनाचं. सायरन वाजला की आपण धावत जाऊन कोड टाकतो आणि बंद करतो. त्या घाईत कीपॅडवर कोणता झोन दिसत होता हे कुणी बघत नाही. बहुतेक पॅनलमध्ये मागच्या घटनांची नोंद असते. मॅन्युअल काढून ती कशी बघायची ते शिकून घ्या. पॅनलचं घड्याळही बरोबर आहे का तपासा, कारण काही स्वस्त पॅनलमध्ये वीज गेली की वेळ पुसली जाते. मग कीपॅडजवळ वही ठेवा आणि प्रत्येक वेळी लिहा: किती वाजता, कोणता झोन, खिडकी उघडी होती की बंद, कूलर चालू होता का, वीज गेली-आली होती का, वारं सुटलं होतं का, त्या रात्री नळाला पाणी आलं होतं का. पाण्याचं नाव मी मुद्दाम घेतो. आपल्याकडे रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घराचं वेळापत्रक वेगळं असतं. आठवडाभराची अशी नोंद हातात असली की निम्मं काम झालं असं समजा.

दरवेळी एकच झोन दिसत असेल तर दोष त्या सेन्सरमध्ये, त्याच्या जागेत किंवा त्याच्या वायरीत आहे. वेगवेगळे झोन एकदम उघडलेले दिसत असतील तर वीजपुरवठा, बॅटरी किंवा पॅनल बघायचं. तुमच्या सांगण्यावरून मला जास्त शंका हॉलच्या पीआयआरची, म्हणजे हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरची, येते, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

पीआयआर सेन्सर म्हणजे कॅमेरा नाही. त्याच्या आत उष्णतेचे किरण ओळखणारे दोन बारीक भाग शेजारी शेजारी असतात. पुढचं पांढरं प्लॅस्टिकचं भिंग खोलीचे हातपंख्याच्या काड्यांसारखे पट्टे पाडतं. सगळी खोली सावकाश तापली तर दोन्ही भागांना ते सारखंच कळतं आणि काही होत नाही. पण आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार असलेली वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की एका भागाला आधी कळतं, दुसऱ्याला नंतर, आणि त्या फरकावरून सेन्सर ठरवतो की कुणीतरी चाललं. म्हणजे त्याला माणूस दिसत नाही, मागच्या भिंतीत आणि माणसात असलेला तापमानाचा फरक दिसतो.

आता आपल्या उन्हाळ्याचा विचार करा. माणसाच्या त्वचेचं बाहेरचं तापमान साधारण ३३-३४ अंश असतं. मे महिन्यात स्लॅबखालच्या बंद खोलीत भिंतीच ३५-३६ अंशांवर जातात. तिथे माणूस आणि भिंत यांच्यातला फरक जवळजवळ संपतो. म्हणून बऱ्याच चांगल्या सेन्सरमध्ये अशी सोय असते की खोली तापली की सेन्सर स्वतःच जास्त तिखट होतो, बारीक फरकही पकडायला लागतो. ही सोय नसेल तर ऐन उन्हाळ्यात समोरून चालणारा माणूसही सुटू शकतो. असेल तर माणूस पकडला जातो, पण त्याबरोबर पडद्याची हालचाल, कूलरचा झोत, भिंगावरची पाल असलं सगळंही पकडलं जातं. थंडीत जे त्याच्या हिशोबात येत नव्हतं ते उन्हाळ्यात येतं.

याच कारणासाठी सगळ्यांची सेन्सिटिव्हिटी कमी करणं मला अजिबात पटलेलं नाही. विनाकारण वाजणं त्याने थोडं कमी होईल. पण ज्या ऋतूत सेन्सरला माणूस आधीच फिका दिसतो, त्याच ऋतूत तुम्ही त्याची नजर आणखी मंद केलीत. लग्नसराईत, सुट्टीत घर बंद करून लोक गावाला जातात तेही याच दिवसांत. घरात कुणी शिरलं आणि सेन्सर गप्प राहिला तर तो बसवलाच कशाला? सेटिंग पूर्ववत करून घ्या आणि कारण शोधा. सेन्सरच्या आत पल्स काउंट नावाचा जंपर (सेटिंग बदलायची छोटी जोडपिन) असतो, तो एकावरून दोनवर नेणं चालेल. त्यात सेन्सर एकदा खात्री करून घेतो आणि मग बोलतो. पण तेही वॉक टेस्ट घेऊनच. हॉलच्या प्रत्येक दारा-खिडकीकडून सावकाश चालत या आणि सेन्सरचा दिवा लागतो का ते बघा. सेन्सरच्या अंगावर सरळ चालून आलात तर त्याला उशिरा कळतं, आडवं गेलात तर लगेच कळतं. म्हणून चोर जिथून येईल तिथून तो आडवा जाईल अशी सेन्सरची जागा असावी.

होळीनंतर घरात काय बदललं? माझ्या अंदाजाने, माळ्यावरचा कूलर खाली आला. रात्री खिडक्या उघड्या राहायला लागल्या. दिव्याला किडे यायला लागले आणि त्यांच्यामागे पाली. दुपारचं ऊन हॉलमध्ये आतपर्यंत यायला लागलं.

कूलरचा झोत थेट सेन्सरवर येत असेल किंवा सेन्सरच्या समोरचा पडदा हलवत असेल, तर तेवढं पुरेसं आहे. मागे तापलेली भिंत, पुढे ओल्या हवेने गार झालेला पडदा, आणि तो हलतोय: सेन्सरच्या दृष्टीने हा चालणारा माणूसच. रात्री आईंसाठी कूलर चालू असेल आणि त्याची हवा दारातून हॉलमध्ये येत असेल तर हा संशय आणखी पक्का होतो. दोन रात्री कूलरचं तोंड फिरवून किंवा पडदा बांधून बघा. लगेच फरक पडला तर उत्तर मिळालं.

दुपारच्या वाजण्याचं कारण बहुधा पश्चिमेच्या खिडकीत असेल. खिडकीच्या साध्या काचेतून शरीराची उष्णता सेन्सरपर्यंत येत नाही, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्या माणसाने सेन्सर वाजत नाही. पण ऊन आत येतं, फरशी आणि पडदा तापवतं. बाहेरच्या कडुनिंबाची सावली त्या तापलेल्या फरशीवर हलत राहिली, झरोक्यातून वारा आला, की तो पट्टा कमी-जास्त गरम होतो. सेन्सर खिडकीकडे तोंड करून नसावा. ज्या भिंतीत खिडकी आहे त्याच भिंतीच्या कोपऱ्यात, सात-आठ फुटांवर, घराच्या आत बघणारा असावा. बसवणारे बहुतेक वेळा वायर जिथे सोयीची तिथे सेन्सर ठोकतात, आणि पुढचे सगळे त्रास तिथून सुरू होतात.

मध्यरात्रीच्या वाजण्यात पालीचा हात असण्याची शक्यता मी बरीच मोठी धरतो. पाल लहान असते, पण भिंगावरून सरकली की तिच्या मागची अख्खी खोली झाकली जाते. सेन्सरजवळ ट्यूबलाइट किंवा रात्रीचा दिवा असेल तर किडे तिथे जमतात आणि पाल तिथेच मुक्कामाला असते. त्याहून त्रासदायक म्हणजे मुंग्या आणि बारीक किडे. वायर जिथून सेन्सरमध्ये शिरते त्या भोकातून ते आत जातात आणि ऐन डोळ्यावर फिरतात. सेन्सर उघडून बघा. आत जाळी, मेलेले किडे, पालीची अंडी असलं काही सापडलं तर आश्चर्य मानू नका. कोरड्या मऊ कापडाने पुसा. कीटकनाशकाचा फवारा भिंगावर कधीही मारू नका, ते खराब होतं. नंतर वायरीचं भोक आणि मागची न वापरलेली भोकं थोड्या सिलिकॉनने बंद करा. या भोकातून वायरीच्या पाइपातली गरम हवासुद्धा आत येते. तीही बंद होते. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि बसवताना फार कमी लोक करतात.

आता वायरिंग. इथे अंदाज चालत नाही, आणि आधी सेन्सर बदलून बघण्यातही अर्थ नाही. मी नेहमी असं करतो: ज्या झोनची तक्रार आहे त्याचा सेन्सर पूर्ण सोडवतो आणि त्याच्या जागी, वायरीच्या टोकाला, त्या पॅनलचा ईओएल रेझिस्टर (झोनची वायर ठीक आहे हे पॅनलला ज्यावरून कळतं तो वायरीच्या टोकाचा छोटा भाग) जोडून ठेवतो. पॅनलला वाटतं झोन ठीक आहे. मग काही रात्री थांबायचं. तरी तोच झोन वाजला तर सेन्सर निर्दोष आहे, दोष वायरीत आहे. मग तोच रेझिस्टर पॅनलच्या टर्मिनलवर आणून लावायचा. तरीही वाजला तर पॅनल. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. या काळात त्या झोनवर पहारा नसतो हे लक्षात ठेवा आणि घरात माणसं असतानाच ही तपासणी करा. पॅनलचं झाकण उघडायचं तर आधी मेन स्विच बंद करा आणि बॅटरीची वायर काढा. आत २३० व्होल्ट येतात. तुम्हाला सवय नसेल तर हे तंत्रज्ञाकडूनच करून घ्या, पण हाच क्रम त्याला सांगा.

त्याच वेळी तो रेझिस्टर आधी कुठे लावला होता तेही बघा. तो सेन्सरच्या टोकाला असायला हवा. कित्येक घरांत तो पॅनलच्या पेटीतच जोडलेला सापडतो. मग वायर कुठे शॉर्ट झाली तरी पॅनलला कळत नाही, म्हणजे संरक्षणच निम्मं होतं. सांधे सोल्डर केलेले किंवा कनेक्टरमध्ये घट्ट हवेत. नुसत्या पिळून टेप मारलेल्या सांध्याची टेप आपल्या उन्हात चिकटपणा सोडते, तांबं काळं पडतं, आणि तो सांधा कधी जोडलेला, कधी सुटलेला राहतो. माळ्यावरून वायर गेली असेल तर उंदराने कुरतडली नाही ना, तेही बघा.

विजेच्या लाइनच्याच पाइपातून सेन्सरची वायर नेलेली असेल तर ती वेगळी करा. विजापूर रोडवरच्या एका घरात जिन्याचा झोन काही रात्रीच वाजायचा. नोंद ठेवल्यावर दिसलं की ज्या रात्री पाणी यायचं त्याच रात्री वाजतो. हौद भरला की ऑटोमॅटिक कंट्रोलरने मोटर सुरू व्हायची, आणि मोटरची वायर व सेन्सरची वायर जिन्यात एकाच पाइपातून गेलेली होती. मोटर सुरू होतानाचा झटका शेजारच्या वायरीत उतरत होता. सेन्सरची वायर फूटभर लांबून स्वतंत्र पट्टीतून नेली आणि तक्रार संपली. त्या घरातही सेन्सर आधी बदलून झाले होते.

बॅटरीबद्दल थोडक्यात. पॅनलमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी २५ अंशांच्या हिशोबाने तीन ते पाच वर्षांची धरतात. तापमान साधारण दहा अंश वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं, म्हणून जिन्याखाली किंवा माळ्याजवळ तापणाऱ्या पेटीत ती लवकर जाते. तुमची नवी आहे, पण दुकानात किती महिने पडून होती कोण सांगणार? वीज बंद करून दोन-तीन तास पॅनल बॅटरीवर चालवा आणि व्होल्टेज मोजा. १२च्या खाली उतरली असेल तर बदला. बॅटरी मेलेली असेल तर वीज क्षणभर गेली की सगळे सेन्सर बंद पडतात, आणि वीज आल्यावर पीआयआर तयार व्हायला अर्धा-एक मिनिट घेतो. त्या अर्ध्या मिनिटात पॅनलला झोन उघडा दिसतो. इन्व्हर्टरवर जातानाच्या झटक्यातही असंच होऊ शकतं. वहीत वीज गेल्या-आल्याची नोंद का करायची ते आता लक्षात येईल.

दाराच्या मॅग्नेटवर, म्हणजे दार उघडलं की कळवणाऱ्या चुंबकाच्या सेन्सरवर, तुम्ही काही लिहिलेलं नाही, आणि कोरड्या उन्हाळ्यात त्याचा त्रासही कमी असतो. पावसाळ्यात लाकडी दार फुगेल, चौकट सरकेल, तेव्हा लक्ष ठेवा. लोखंडी सेफ्टी डोअरवर साधं मॅग्नेट लावलं असेल तर खाली प्लॅस्टिकची पॅकिंग हवी, कारण लोखंड चुंबकाची ताकद ओढून घेतं.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. घरात किंवा शेजारी यंत्रमाग चालत असतील तर खिडकीवर कंप ओळखणारे सेन्सर लावू नका, आणि धुराचा सेन्सर मागाच्या खोलीत नको. कापसाचे तंतू आत जाऊन तो विनाकारण ओरडतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या दारूकामाने काच फुटल्याचा आवाज ओळखणारे सेन्सर वाजलेले मी ऐकले आहेत. तिथे साधे मॅग्नेट आणि पीआयआर बरे.

आता आईंचा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घरात माणसं झोपलेली असताना हॉलचा पीआयआर चालू ठेवायचाच कशाला? रात्री राखायची ती घराची कड: मुख्य दार, मागचं दार, खिडक्या, गच्चीचं दार. घराच्या आतल्या हालचालीवर नजर हवी ती घर बंद असताना. पॅनलमध्ये स्टे किंवा नाइट मोड असतो. त्यात आतले पीआयआर वगळून फक्त दारं-खिडक्यांचे झोन ठेवता येतात. तुमच्या बसवणाऱ्याने बहुधा रात्रीही सगळंच आर्म करायला, म्हणजे पहाऱ्यावर ठेवायला, शिकवलं आहे. उघड्या ठेवायच्या खिडकीवर मॅग्नेट चालत नाही, तिथे खिडकीपुरताच अरुंद पट्टा बघणारा कर्टन प्रकारचा सेन्सर लावा, ग्रिल आणि पडदा यांच्या मधे, म्हणजे पडदा त्याच्या समोर हलणार नाही. एवढं केलंत तर आई रात्री निर्धास्तपणे उठू शकतील आणि हॉलमधली पाल, कूलर, पडदा यांचा रात्रीपुरता संबंधच संपेल. घरातल्या माणसाला आपल्याच घरात पाय टाकायची भीती वाटावी, असा अलार्म चुकीचा बसवलेला आहे, मग तो कितीही महाग असो.

शेजाऱ्यांसाठीही काही करा. सायरनची वेळ तीन-पाच मिनिटांवर आणा. काही पॅनलमध्ये ती फार मोठी ठेवलेली असते. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि आपले सायरन शंभराच्या पुढे जातात, त्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार रास्तच आहे. घर बंद असताना दोन झोन एका मिनिटाच्या आत उघडले तरच सायरन, एकच उघडला तर फक्त फोनवर सूचना, अशी क्रॉस झोनची सोय तुमच्या पॅनलमध्ये असेल तर ती चालू करा. आणि दोन शेजाऱ्यांना भेटून सांगा की दुरुस्ती चालू आहे, पण वाजला तर एकदा खिडकीतून नजर टाका, काही दिसलं तर ११२ला फोन करा. वारंवार खोटा वाजलेला सायरन कुणी मनावर घेत नाही, हे नुकसान दुरुस्तीच्या खर्चापेक्षा मोठं आहे.

राहिला वायरलेसचा प्रश्न. वायरी खराबच निघाल्या आणि भिंती फोडायच्या नसतील तर वायरलेस घ्यायला हरकत नाही. पण तिथेही पीआयआर तोच असतो आणि पालही तीच असते. भर पडते ती प्रत्येक सेन्सरच्या सेलची. सेल कमी झाला की पॅनल कळवतो का, आणि सेन्सरशी संपर्क तुटला तर ओळखतो का, हे विचारूनच घ्या. घर बंद असतानाच्या दुपारसाठी हॉलमध्ये पीआयआर आणि मायक्रोवेव्ह असा दुहेरी सेन्सर लावणं मला पॅनल बदलण्यापेक्षा जास्त उपयोगी वाटतं. उष्णता आणि हालचाल दोन्ही एकदम जाणवल्या तरच तो बोलतो. फक्त मायक्रोवेव्ह पातळ पार्टिशन आणि काच यांच्या पलीकडचंही बघतो, म्हणून त्याची रेंज खोलीपुरती कमी करून घ्यावी लागते; आणि चालू पंखा त्याच्या समोर नको.

आठवड्याची नोंद झाली की झोन, वेळ, हॉलच्या खिडकीची दिशा आणि सेन्सर कोणत्या कोपऱ्यात आहे एवढं कळवा. तोपर्यंत बसवणाऱ्याला बोलावून सेन्सिटिव्हिटी पूर्ववत करून घ्या, नाइट मोड लावून घ्या आणि वॉक टेस्ट त्याच्याकडून तुमच्यासमोर करून घ्या.